जिग भाजण्याचं प्रकरण

आमच्या सासऱ्यांच्या होडीत दोनच माणसं बसतात, आणि त्यातलं एक सासरे. दुसऱ्या जागेवर सव्वीस वर्षं त्यांचे एक पंपदुरुस्तीवाले मित्र बसत आले. ते मध्यंतरी मुलाकडे दुसऱ्या शहरात राहायला गेले आणि जागा रिकामी झाली. सरकारी नोकरीत चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला रिकामी जागा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. मी त्याच आठवड्यात मनातल्या मनात अर्ज केला.

सासरे कारखान्यात फोरमन होते. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी सगळे त्यांना फोरमनच म्हणतात. त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या बायकोने, तेवढं ‘बाबा’ म्हणायचं चालू ठेवलं आहे. दर रविवारी तळ्यावर जाऊन मासे धरणं, यापलीकडे त्यांना दुसरा नाद नाही. मीही अकरा वर्षं तळ्यावर जातो, पण ते होडीतून पार मधोमध असतात आणि मी काठावर, घडीच्या खुर्चीत. होडी जवळून गेली की ते विचारतात, “काय जावईबापू, आहे का काही?” मी म्हणतो, “बघतोय.” अकरा वर्षांत मला एकदाच मासा मिळाला. मिळाला म्हणण्यापेक्षा तो दोरीत अडकला होता आणि सुटायची त्याची इच्छा संपली होती. तेव्हा त्या होडीत बसून एकदा तरी तळ्याच्या मधोमध जायचं, एवढंच माझं म्हणणं होतं. लोक परदेशात जातात, मी काही फार मागत नव्हतो.

दुसरे उमेदवार होते माझे साडू. पण त्यांना होडी लागते. काठाला बांधलेल्या होडीत नुसतं बसवलं तरी त्यांचा चेहरा पांढरा पडतो. त्यांनी माघार घेतली आणि मी बिनविरोध उरलो. तसं मी फोरमनना एका दुपारी चहा पिता पिता सहज बोलल्यासारखं सुचवलं.

“बसा की,” फोरमन म्हणाले. “पण माझ्या होडीत विकतचा जिग चालत नाही. ज्याने स्वतः केला, तो बसेल. बारा नग करून आणा. तळं उघडायच्या आदल्या दिवशी येऊन बघतो.”

माशांच्या विणीसाठी तळं तीन महिने बंद असतं. ते उघडायला अजून पाच आठवडे होते. पाच आठवड्यांत माणूस काय करू शकणार नाही, असं मला वाटलं. काय काय करू शकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. जिग म्हणजे गळाच्या मानेवर ओतलेला, शेंगदाण्याएवढा धातूचा गोळा. त्याला माशाच्या डोक्याचा आकार द्यायचा आणि वर भडक रंग चढवायचा. दोरी ओवायला गळाला एक बारीक नेढं असतं, ते मोकळं ठेवायचं. पाण्यात सोडून काठीला हलके झटके दिले की जिग तळाशी उड्या मारत जातो आणि मोठ्या माशाला वाटतं, धाकटा कुणीतरी चाललाय, खाऊन टाकू. साधा रंग दगडावर दोनदा आपटला की उडतो. म्हणून पावडरीचा रंग वापरतात. जिग तापवायचा, कोरड्या पावडरीत बुडवायचा, पावडर वितळून त्याला चिकटते. मग ओव्हनमध्ये एकशे ऐंशी अंशांवर वीस मिनिटं भाजून ती पक्की करायची. हे सगळं मी मोबाइलवर पाहिलं. त्यातल्या माणसाने चार मिनिटांत सहा जिग केले आणि शेवटी हसून दाखवलं. त्या हसण्यावर मी विश्वास ठेवला.

नळवाल्याकडून जुन्या शिशाच्या पाइपचा एक तुकडा घेऊन मी जिना चढत होतो, तर शेजारचे सर दारात उभे होते. सर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहेत. त्यांचा सल्ला विचारायला कुणाला जावं लागत नाही, तो जिन्यातच भेटतो.

“काखेत काय आहे?”

“शिसं.”

“शिसं! घरात नेताय? जिथे तुमची बायको केक करते तिथे?” सरांनी माझा दंडच धरला. पुढची पंचवीस मिनिटं मी जिन्यात उभा राहून शिशाचे दुष्परिणाम ऐकले. हाडं, मेंदू, मूत्रपिंड असं करत करत सर माझ्या न जन्मलेल्या नातवंडांपर्यंत पोचले. मग त्यांनी आत जाऊन एक जड डबा आणला. “ही घ्या मिश्रधातू. बिस्मथ आणि कथील. अजिबात विषारी नाही. आणि वितळायला इतकी सोपी, इतकी सोपी, की गॅस बारीक ठेवलात तरी चालेल.”

विचारी वाचकाच्या लक्षात पुढचं सगळं इथेच आलं असेल. पण तिथे विचारी वाचक नव्हता. तिथे एक रसायनशास्त्राचे माजी शिक्षक आणि एक वजनमापे खात्याचा तपासनीस, एवढेच होते. हो, मी वजनमापे खात्यात तपासनीस आहे. मला पाहिलं की दुकानदार तराजू पुसायला घेतात. मोजमाप या विषयात मला कुणी काही सांगावं, अशी वेळ बाहेर तरी आलेली नाही.

बायको घरून केकच्या ऑर्डरी घेते. ओव्हन तिचा आहे. मी प्रकल्पाची माहिती दिली तेव्हा तिने सगळं नीट ऐकून घेतलं, रंगाचा डबा उलटापालटा करून वाचला, आणि म्हणाली, “काय करायचं ते करा. माझ्या ओव्हनला हात लावायचा नाही.”

“नाही लावत,” मी म्हणालो. तेव्हा मी ते मनापासून म्हणालो होतो.

धातू खरोखरच लोण्यासारखी वितळली. जुन्या पळीतून साच्यात ओतली, गार झाल्यावर साचा उघडला, आणि बारा चकचकीत डोकी ओळीने बाहेर आली. त्या दिवशी ऑफिसात मी दोन दुकानदारांशी गोड बोललो. मग रंग. मेणबत्तीवर जिग धरून तापवायचा आणि पावडरीत बुडवायचा. एकाचं नाक मेणबत्तीवरच गळून पडलं, पण मला ते मेण वाटलं. मी त्याच्या बदली दुसरा ओतला. पावडर पिवळी होती. डब्यात ती गच्च बसली होती म्हणून मी खिडकीपाशी नेऊन डबा जोरात हलवला. झाकण नीट लागलं नव्हतं.

आमच्या बरोबर खाली सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. त्यांना आम्ही खाजगीत ‘परिपत्रक’ म्हणतो, कारण ते दुसरं काही बोलत नाहीत. त्यांचे सहा पांढरे शर्ट दोरीवर होते. ते खाली उतरवले तेव्हा पांढरे नव्हते. मी तसाच पिवळ्या भुवयांनी त्यांच्याकडे खुलासा करायला गेलो, आणि खुलासा जरा जास्त झाला. शर्ट कसे पिवळे झाले एवढं सांगून थांबायचं, तर मी रंग पुढे ओव्हनमध्ये भाजतात हेही सांगून बसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संध्याकाळी दाराखालून कागद आत आला.

‘आपल्या सदनिकेतून पिवळ्या रंगाचे उत्सर्जन होत असल्याचे निदर्शनास आले आहे. निवासी सदनिकेत रंग भाजण्याचा औद्योगिक वापर करावयाचा असल्यास अग्निशमन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र सादर करावे. तोपर्यंत भाजू नये.’

“सहा शर्ट धुऊन द्या आणि विषय मिटवा,” बायको म्हणाली. पण प्रश्न शर्टांचा नव्हता, तत्त्वाचा होता. शिवाय सरकारी माणसाला सरकारी कागद मिळायला कितीसा वेळ लागणार?

अग्निशमन कार्यालयात एका टेबलावर लाल हेल्मेट उपडं ठेवलं होतं आणि त्यात टाचण्या होत्या. टेबलामागच्या कारकुनाने मला बसा म्हटलं नाही.

“ओव्हन घरगुती की कारखान्याचा?”

“घरगुती.”

“मग ना हरकत लागत नाही.”

“उत्तम. तेवढं लिहून द्या.”

“जे लागत नाही ते लिहून कसं देणार?”

“लागत नाही, असं लिहून द्या.”

“तसा नमुना नाही आमच्याकडे.” तो बराच वेळ माझ्याकडे दयेने पाहत राहिला. मीही लोकांकडे असंच पाहतो, पण ती नजर समोरून कशी दिसते हे मला प्रथमच कळत होतं. “एक करा. ओव्हनवर तापमानाचे आकडे असतात ना? ते बरोबर आहेत असा वजनमापे कार्यालयाचा दाखला आणा. मग बघू.”

मी मोठ्याने हसलो. तो हसला नाही.

माझ्याच अर्जावर मी शिक्का मारणं नियमात बसत नव्हतं. म्हणून समोरच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे अर्ज दिला. गेली पंधरा वर्षं आम्ही एका डब्यातलं जेवतो. त्याने चष्मा लावून, मी अनोळखी असल्यासारखा, अर्ज दोनदा वाचला आणि खाली लिहिलं, ‘सदर बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.’ हे वाक्य नऊ वर्षांपूर्वी मीच तयार केलं होतं. साहेबांनी तेव्हा माझं कौतुक केलं होतं, की तुमच्या एका वाक्याने निम्मे अर्ज कमी झाले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार?

तो कागद घेऊन मी पुन्हा अग्निशमनात गेलो. कारकून खूश झाला. त्याने त्यामागे आणखी एक कागद जोडला: ‘बाब वजनमापे कार्यालयाच्या कक्षेत येत नसल्याने या कार्यालयासही आक्षेप घेण्याचे कारण दिसत नाही.’ या सगळ्यात अडीच आठवडे गेले. सोसायटी, अग्निशमन आणि माझं स्वतःचं, या तीन कार्यालयांपैकी कुणीही जिग कशाचा आहे हे विचारलं नाही.

ज्या दुपारी कागद हातात आला त्या दुपारी बायको तीन मजली केक पोचवायला गेली होती. दोन तास तरी येणार नव्हती. तिच्या ओव्हनचा प्रश्न मी स्वतःशी असा सोडवला: हात लावायचा नाही असं तिचं म्हणणं होतं, तर मी स्वयंपाकाचे हातमोजे घालीन. पुढे मला या युक्तिवादाची अनेकदा आठवण करून देण्यात आली.

परिपत्रक स्वतः पाहणीसाठी आले. सर तांत्रिक सल्लागार म्हणून आले आणि स्वयंपाकघरातली एकमेव खुर्ची ओढून ओव्हनच्या काचेसमोर बसले. मी तारेवर बारा जिग ओळीने टांगले, काटा बरोबर एकशे ऐंशीवर आणला आणि दार लावलं. चौथ्या मिनिटाला रंग ओला दिसायला लागला. सहाव्या मिनिटाला त्याच्यावर अशी काही तकाकी आली, की परिपत्रकांच्या तोंडूनसुद्धा “वा!” बाहेर पडलं. मला फोरमनचा चेहरा दिसायला लागला, होडी दिसायला लागली, तळ्याच्या मधोमध मी.

आठव्या मिनिटाला आत टप्प असा आवाज झाला.

“रंगाचा थेंब,” सर म्हणाले.

“थेंब पांढरा आहे, सर. रंग पिवळा आहे.”

टप्प. टप्प. मग एकदम पाचसहा. आम्ही तिघं काचेला नाक लावून पाहत होतो. बारा डोकी एकामागून एक आपल्या रंगातून निसटून खाली पडत होती. खाली ट्रेमध्ये आरशासारखं तळं साचलं आणि वर तारेवर बारा गळ राहिले, प्रत्येकाला चिकटलेलं पिवळं रिकामं टरफल, न भरलेल्या उशीच्या अभ्र्यासारखं. शिवाय वास. तो वास मला शब्दांत सांगता येणार नाही, पडद्यांना सांगता येईल.

सर मग उठले, खुर्ची जागेवर ठेवली आणि म्हणाले, “मी म्हणालोच होतो, वितळायला सोपी आहे.”

परिपत्रकांनी वहीत काहीतरी लिहिलं. “म्हणजे औद्योगिक वापर थांबला, असं धरू ना?” त्यांनी विचारलं. मी धरा म्हणालो.

बायकोला दार उघडायचीही गरज पडली नाही, तिला जिन्यातच कळलं. आत आली, ओव्हनचं दार उघडून पाहिलं, पुन्हा लावलं. मी हातमोज्यांचं सांगायला सुरुवात केली. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी ते मोजे काढून टेबलावर ठेवले. ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. तिच्या दोन ऑर्डरी होत्या आणि ओव्हन असा. पुढचे तीन दिवस ती बहिणीकडे जाऊन केक भाजत होती. तिकडून साडूंचा रोज फोन यायचा. ते माझी चौकशी करायचे, पण मध्येच बोलणं थांबायचं आणि नुसता हसू दाबल्याचा आवाज यायचा. मला स्वतःची लाज वाटत होती. होडी तर गेलीच होती, वर घरातल्या कमावत्या माणसाचं अवजार मी बिघडवून ठेवलं होतं. तेलही गेलं, तूपही गेलं.

चौथ्या दिवशी ऑफिसातून आलो तर ओव्हन घासून लखलखीत झाला होता आणि ट्रेमधून निघालेली धातूची लादी टेबलावर होती. बायको एक पिवळं टरफल नखाने खरवडून पाहत होती. ते निघत नव्हतं.

“रंग चांगला आहे,” ती म्हणाली. “डोकं कच्चं होतं.”

हे जिगाबद्दल होतं असं मी आजही मानतो. तिने मला बरोबर घेतलं आणि सरांचं दार वाजवलं.

“सर, शिसं किती अंशांवर वितळतं?”

“तीनशे सत्तावीस,” सरांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

“आणि तुमची ती मिश्रधातू?”

“एकशे अडतीस.”

“आणि रंग एकशे ऐंशीवर पक्का होतो.”

सरांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून दार लावून घेतलं. अडीच आठवडे आणि तीन कार्यालयं जिथे पोचली नाहीत तिथे ती तीन वाक्यांत पोचली.

“माझ्यासाठी एवढं करू नकोस,” मी जिन्यात म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडून एक जुना छोटा ओव्हन घेऊन आली. शिसं आणि केक एका ओव्हनमध्ये जाणार नाहीत, हे तिचं आधीच ठरलं होतं. आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, म्हणून वायर खिडकीतून काढून ओव्हन गच्चीवर नेला. परिपत्रक धापा टाकत वर आले. बायकोने त्यांना सोसायटीची नियमावली उघडून दाखवली. गच्चीचा वापर ‘ओल्या वस्तू वाळवण्यासाठी’ करता येतो. “रंग ओला आहे,” ती म्हणाली, “वाळवतेय.” परिपत्रकांनी कलम दोनदा वाचलं. कलम त्यांनीच लिहिलेलं होतं. ते नियमावली परत देऊन खाली गेले, आणि त्या क्षणी मला ते फार जवळचे वाटले.

मग तिने त्या ओव्हनमध्ये वाटीभर साखर ठेवली.

“हे काय?”

“साखर एकशे शहाऐंशीवर पाघळते. ओव्हनच्या काट्यावर विश्वास ठेवत नाहीत, साखरेवर ठेवतात.”

काटा एकशे ऐंशीवर असताना साखर पाघळून तपकिरी झाली. काटा खोटं बोलत होता. तिने नवी साखर ठेवत, थोडं थोडं मागे येत, साखर पाघळायची थांबते ती, एकशे साठच्या जरा अलीकडची जागा शोधली आणि तिथे नेलपॉलिशने खूण केली. मी चोवीस वर्षं लोकांच्या काट्यांवर शिक्के मारतोय. त्या लाल ठिपक्याकडे मला सरळ पाहवेना.

तोंडाला फडकं आणि हातात जाड मोजे घालून शिसं मी ओतलं. तेवढं काम माझ्याकडे होतं. बाकी तिचं. पावडर तिने चाळली, मैदा चाळतात तशी हलकी केली. जिग तापवून पावडरीत असा काही फिरवून काढायची, की बोटावर एक कण नाही. रंग गरम असतानाच सुईने नेढं मोकळं करायची आणि मगच भाजायला टांगायची. दोन बिघडले, ते तिने बाजूला टाकले आणि पुन्हा केले. मी ताटली धरून उभा होतो. बारा जिग बाहेर आले तेव्हा त्यांच्याकडे पाहून मला खूप आनंद झाला आणि थोडा मत्सरही वाटला. सगळे गार होईपर्यंत ती गच्चीवरून हलली नाही.

तळं उघडायच्या आदल्या दिवशी, दुपारी चार वाजता फोरमन आले. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, बारा जिग त्यावर मांडले आणि चष्मा बदलला. एकेकावर अंगठ्याचं नख ओढलं. एक उचलून खिडकीच्या दगडी चौकटीवर आपटला, तीनदा. मी डोळे मिटले. रंग उडाला नाही. मग खिशातून दोरी काढून बाराही नेढ्यांतून ओवली. कुठे अडली नाही.

“कुठे थर जाड नाही, कुठे पातळ नाही,” ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले. बावीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं नव्हतं. “रंग कुणी चढवला?”

बायको कपात चहा ओतत होती. तिने वर न पाहता सांगितलं, “यांनीच.”

“नेढं कधी मोकळं केलंत? भाजण्याआधी की नंतर?”

उत्तर मला येत होतं. ताटली धरून मी ते बारा वेळा पाहिलं होतं. एक शब्द बोलायचा आणि होडीत जाऊन बसायचं, एवढंच उरलं होतं. बायकोने खोटं बोलून टाकलंच होतं, मला ते फक्त पुरं करायचं होतं. पण तिने वर पाहिलं नाही, हे काही मला सहन होईना.

“आधी,” मी म्हणालो. “पण ते मी नाही केलं. रंग, भाजणं, सगळं हिने केलं. मी ओतलं फक्त. त्याआधी एकदा सगळं मी केलं होतं, ते ट्रेमध्ये पडलं.”

फोरमननी चष्मा काढला. मुलीकडे पाहिलं, जिगांकडे पाहिलं.

“तू कधी बोलली नाहीस, तुला यातलं कळतं म्हणून.”

“बोलले होते की,” ती म्हणाली. आवाज साधाच होता, पण किटली तिने खाली ठेवली होती. “सात वर्षांची असताना म्हटलं, मला होडीतून न्या. तुम्ही म्हणालात, मोठी हो, मग बघू. मोठी झाले. म्हणालात, लग्न होऊ दे, नवरा नेईल. लग्नाला बावीस वर्षं झाली, बाबा. नवरा काठावर बसतो.”

मला वाटलं आता आपण आत जाऊन काहीतरी आणावं. पण काय आणायचं ते सुचेना, म्हणून तिथेच उभा राहिलो.

फोरमननी बारा जिग एक एक करून डबीत भरले. वर्तमानपत्राची घडी केली. चहा पिऊन संपवला. मग दारापाशी जाऊन चपला घालता घालता, आमच्यापैकी कुणाकडेच न बघता म्हणाले, “मी पहाटे पाचला निघतो. उशीर करणाऱ्यासाठी थांबत नाही.”

“मी साडेचारला तयार असेन,” बायको म्हणाली. तिचा आवाज चिरकला आणि तिला ते आवडलं नाही.

ते गेल्यावर ती माझ्याकडे वळली. “तुमची जागा होती ती.”

“अगं, माझा नुसता अर्ज होता,” मी म्हणालो. मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू? चांगलंच वाटत होतं. पण तिने त्या दिवशी कपाटातून माझी टोपी काढून आपल्या डोक्यावर बसते का ते आरशात चार वेळा पाहिलं, आणि बावीस वर्षांत मी तिला आरशासमोर इतका वेळ उभी राहिलेली पाहिली नव्हती.

सकाळी मी काठावर घडीची खुर्ची उघडून बसलो. होडी निघाली तेव्हा वल्ही फोरमनच्या हातात होती, पण तळ्याच्या अर्ध्यात पोचल्यावर दोघं उठून, सावरत सावरत जागा बदलताना दिसले, आणि मग वल्ही ती मारायला लागली. पंपवाल्या मित्रांना सव्वीस वर्षांत ती वल्ही हातात मिळाली नव्हती. दोघं काहीतरी बोलत होते. इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं, पण फोरमन मान हलवत होते आणि बोलत तीच होती. मग होडी पार मधोमध थांबली. तिने काठी उचलून दोरी फेकली, नीट फेकली, आणि थोड्या वेळाने काठी एकदम वाकली.

मी खुर्चीतून उडीच मारली. पाण्यापर्यंत धावत गेलो आणि दोन्ही हात वर करून ओरडलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात जोरजोरात हलवला. मीही हलवला, आणखी जोरात हलवला, टाचा उंचावून हलवला. मग लक्षात आलं, ती मला खाली बसायला सांगत होती. मासे बिचकत होते.

मी खाली बसलो.